आपला माणूस आहे, बघा जरा

वशिल्याची चिठ्ठी फक्त सरकारी कचेरीत चालते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा इंटरनेटच्या पोटात डोकावून यावं. 'अमुक पत्त्यांकडे जायचा रस्ता माझ्याकडून आहे' असं एक राउटर दुसऱ्याला बीजीपी नावाच्या बोलीतून कळवतो आणि जाता जाता त्या निरोपाला एक आकडा चिकटवतो. समजा, ६४५००:१२०. याला कम्युनिटी टॅग म्हणतात. त्याचा मथितार्थ एवढाच, की आपला माणूस आहे, बघा जरा.

चिठ्ठी म्हणजे हुकूम नव्हे. ३२ बिटांचा हा आकडा, मधोमध विसर्गासारखी दोन टिंबं. 'असा आकडा दिसला तर असं कर' हे समोरच्याने स्वतःच्या पॉलिसीत लिहून ठेवलं असेल, तरच काही घडतं. नसेल, तर तो राउटर चिठ्ठी न वाचता पुढे सरकवतो. मालक फारच शिस्तीचा असला, तर वेशीवरच सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकतो.

रवी चंद्रा, पॉल ट्रेना आणि टोनी ली यांनी ही सोय आरएफसी १९९७ या दस्तऐवजात मांडली. दस्तऐवज ऑगस्ट १९९६चा. क्रमांक १९९७ आणि साल १९९६, त्यामुळे मुलाखतीत इथे भल्याभल्यांची विकेट पडते. पाठोपाठ, त्याच महिन्यात, १९९८ क्रमांकाचा दस्तऐवज आला आणि त्यात चिठ्ठीचा खरा उपयोग कळला. दोन लाइनी घेतलेल्या गिऱ्हाइकाला एक मुख्य आणि दुसरी राखीव ठेवायची असते. पण पलीकडच्या कंपनीने आपल्याकडे यायला कुठला रस्ता धरायचा, हे तिच्या घरातल्या लोकल प्रेफरन्सवर ठरतं, आणि तिथे गिऱ्हाइकाचा हात पोचत नाही. मग करा फोन, धरा इंजिनिअरचे पाय. अमेरिकेतल्या एमसीआय कंपनीने सांगितलं, पाय धरू नका, ३५६१:९०, ३५६१:८० किंवा ३५६१:७० असा टॅग लावून पाठवा, आम्ही तेवढाच प्रेफरन्स देऊ. गंमत अशी, की तिथे नेहमीचा प्रेफरन्स १००, आणि मोठा आकडा जिंकतो. म्हणजे 'मला जरा मागे बसवा' असं सांगायला चिठ्ठी आणावी लागणारा हा जगातला एकमेव वशिला असावा.

चिठ्ठी लावायची कशी, इथे मात्र ज्याचा त्याचा स्वभाव दिसतो. सिस्कोच्या आयओएसमध्ये रूट-मॅप नावाच्या नियमांच्या यादीत 'सेट कम्युनिटी' लिहून आकडा दिला, की राउटर आधीच्या चिठ्ठ्या फाडून टाकतो आणि तुमची एकटी ठेवतो. आधीच्याही राहू द्यायच्या असतील, तर ओळीच्या शेवटी 'अ‍ॅडिटिव्ह' लिहायचं. म्हणजे सभ्यपणा हवा असेल तर तो मागून घ्यायचा. ज्युनिपरने अ‍ॅड, सेट आणि डिलीट अशी तीन सरळ क्रियापदं दिली आहेत. आपण काय करतोय हे निदान लिहिताना तरी कळतं. या भांडणात मी उघड ज्युनिपरच्या बाजूचा आहे आणि त्यामुळे जेवणाच्या टेबलावरची काही माणसं मला दुरावली आहेत.

बरं, लावली म्हणजे ती पोचते असंही नाही. आयओएसला प्रत्येक शेजाऱ्यापुढे 'सेंड-कम्युनिटी' असं वेगळं बजावावं लागतं. नाहीतर तो निरोप पोचवतो, चिठ्ठी खिशात ठेवतो आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. शिवाय 'न्यू-फॉरमॅट'ची आज्ञा दिली नसेल, तर ६४५००:१२० हाच टॅग तो ४२२७०७२१२० असा अखंड दाखवतो. आमच्याकडच्या नव्या मुलाने ते बघून विचारलं, "सर, हा कोणाचा मोबाइल? पण चारने कसा सुरू होतो?"

सगळ्यांत नाट्यमय टॅग म्हणजे ६५५३५:६६६. ६६६ हा बायबलातल्या श्वापदाचा आकडा. तो कंपन्या आधीपासून हौसेने वापरत होत्या, २०१६ साली त्यावर अधिकृत शिक्का बसला. आपल्या एखाद्या पत्त्यावर हल्ल्याचा लोंढा येऊ लागला, की तेवढाच पत्ता हा टॅग लावून जाहीर करायचा. पुरवठादार त्या पत्त्याकडे जाणारं सगळं वाटेतच फेकून देतो. बाकीचं नेटवर्क वाचतं. ज्याच्यावर हल्ला झाला तो मात्र पार दिसेनासा होतो, म्हणजे हल्लेखोराला हवं होतं ते आपणच करून देतो, तेही प्रमाणित पद्धतीने.

पुढे नेटवर्कांचे क्रमांकच १६ बिटांत मावेनात. २००७ साली ३२ बिटांचे क्रमांक प्रमाणित झाले, पण नेटवर्कचा क्रमांक लिहायचा चिठ्ठीच्या पहिल्या अर्ध्या भागात, आणि तिथे १६ बिटांचीच जागा. म्हणजे नव्या मंडळींना चिठ्ठीवर स्वतःचं नावही लिहिता येईना. त्यांच्यासाठी तीन खणांची लार्ज कम्युनिटी आली, ती थेट २०१७च्या फेब्रुवारीत. तिला बीजीपीच्या गुणधर्मांच्या यादीत आधी ३० हा क्रमांक दिला होता. बघतात तर एका कंपनीचे राउटर कुणाला न विचारता त्या जागेवर रुमाल टाकून बसलेले. शेवटी ३२ वर भागवलं. इंटरनेटच्या मानकांतही खिडकीची जागा अशीच जाते.

एवढं होऊनही कुठल्या आकड्याचा अर्थ काय, हे प्रत्येक पुरवठादार आपापलं ठरवतो. काही जण व्यवस्थित तक्ता देतात. एकाने आम्हाला 'फायनल-नवीन-२' नावाची फाइल पाठवली होती. तिच्यात एका टॅगपुढे रकाना कोरा होता, म्हणून मी त्यांच्या इंजिनिअरला फोन लावला.

"साहेब, तो आमच्या आधीच्या लोकांनी टाकलाय," तो अदबीने म्हणाला. "तुम्ही एकदा लावून बघा ना. आणि काय होतं ते आम्हालाही कळवा."