श्रीमान विलीनीकरणराव यांस
(एक अनावृत पत्र)

मुक्काम : टर्मिनल (कितवं, ते आपणच कळवावं)

स. न. वि. वि.

पत्र लिहिणारा हैदराबादेतल्या कोठीचा रहिवासी आहे. फुटपाथवर जुनी पुस्तकं, पलीकडे विवेकवर्धिनी, आणि सुलतान बाजारात पाऊल ठेवायला जागा मिळाली तर देवाचे आभार, असा आमचा मुलूख. आपण आम्हाला नवे नाही. १ एप्रिल २०१७ रोजी आपण स्टेट बँक ऑफ हैदराबादला मोठ्या स्टेट बँकेत नेलंत आणि १ एप्रिल २०२० रोजी आंध्रा बँकेला युनियन बँकेत. (दोन्ही वेळा एक एप्रिलच कसा, हे हिशेबनीस सांगतील, आम्हाला आपलं हसू येतं.) पाट्या बदलल्या, पासबुकं बदलली. तरी कोठीत ऑटोवाल्याला आजही ‘आंध्रा बँक’ म्हणा, तो मुकाट्याने बरोबर जागी आणून सोडतो.

विमानांच्या धंद्यात शिरल्यावर मात्र आपण माणसांना चालायला लावलंत. आमच्या पायांच्या प्रकृतीची एवढी काळजी डॉक्टरांनीही कधी घेतली नव्हती.

१ ऑक्टोबर २०२४ ला पूर्वीची एअरएशिया इंडिया एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये गेली आणि १२ नोव्हेंबरला विस्तारा एअर इंडियात. चाराच्या दोन झाल्या. आता दोन घरं एक झाली की काउंटर शेजारी हवेत, जोडविमान पकडणाऱ्याला बॅगा घेऊन बाहेर पडायला लागू नये, हे आम्हालाही कळतं. आमच्या शमशाबादला टर्मिनल एकच आहे. इथे फार तर रांग बदलेल. आपली खरी प्रतिभा फुलली दिल्लीत.

तिथे २६ ऑक्टोबर २०२५ पासून एअर इंडियाच्या साठ देशांतर्गत फेऱ्या टर्मिनल ३ वरून २ वर गेल्या आणि एक्सप्रेसच्या सगळ्या देशांतर्गत फेऱ्या टर्मिनल १ वर. कारण रास्त होतं, ३ वर परदेशी जाणाऱ्यांसाठी जागा वाढवायची होती. सगळं खापर आपल्या डोक्यावर फोडत नाही. पण क्रमांकांची गंमत पाहा. विस्ताराच्या जुन्या फेऱ्यांना विलीनीकरणानंतर २ ने सुरू होणारे चार आकडी क्रमांक मिळाले. मग टर्मिनल २ वरच्या फेऱ्या प्रवाशांना चटकन ओळखता याव्यात म्हणून त्यांना दिले १ ने सुरू होणारे! म्हणजे क्रमांकात २ दिसला तर टर्मिनल २ नव्हे आणि १ दिसला तर टर्मिनल १ नव्हे. शिवाय तिकिटावर एअर इंडिया आणि उडवणारी एक्सप्रेस, अशीही जोडी पडते. मग टर्मिनल ठरतं उडवणाऱ्याचं, आणि उडवणाऱ्याचं नाव तिकिटावर मुंगीच्या अक्षरात. एवढं गणित जमलं असतं तर आम्ही पायलटच झालो असतो.

एका मोठ्या शहराच्या विमानतळावर, नाव कशाला घ्या, आमच्या गल्लीतल्या एका काकूंना मी असं फिरताना पाहिलंय. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये तिकिटाची छापील प्रत, त्यावर जुन्या कंपनीचं नाव. समोर पाटीवर नवं नाव, आणि नव्या स्टिकरच्या कडेखालून जुन्या नावाचं शेवटचं अक्षर डोकावतंय. काकूंचा विश्वास त्या अक्षरावर. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “मॅडम, कंपनी तीच आहे, फक्त पलीकडे जा.” काकू म्हणाल्या, “तीच आहे तर मग तूच घे ना गं बॅग.” यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि प्रशिक्षणात हा प्रश्न आला नसावा.

हलवण्यालाच आमचा विरोध आहे असं समजू नका. मार्च २००८ मध्ये अख्खा विमानतळच बेगमपेटहून शमशाबादला गेला. शहरापासून किती लांब म्हणून आम्ही खूप कुरकुरलो, पण चुकलं फारसं कोणी नाही, कारण सगळंच गेलं आणि एकाच जागी गेलं. आपण निम्मं हलवता, उरलेलं पुढच्या वेळापत्रकात हलवता, आणि वर निवेदन काढता की प्रवाशांची गैरसोय होणार नाही.

बेगमपेट निघालंच आहे तर आपल्या पराक्रमाचा आरंभही तिथलाच. १९४५ साली निजाम सरकार आणि टाटा यांनी मिळून डेक्कन एअरवेज काढली. इतर कंपन्यांनी नाकारलेल्या प्रेम माथुर यांना वैमानिकाची नोकरी दिली ती हिनेच. त्या भारतातल्या पहिल्या महिला व्यावसायिक वैमानिक ठरल्या. १९५३ ला राष्ट्रीयीकरण झालं आणि ही कंपनी इतरांसोबत इंडियन एअरलाइन्समध्ये गडप झाली. २००७ ला इंडियन एअरलाइन्स एअर इंडियात. २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे. मालकाने सत्तर वर्षांत एक चक्कर मारली आणि तो घरी परतला; प्रवासी अजून गेट विचारतोय. त्याच २००७ मध्ये जेटने १,४५० कोटींना सहारा घेतली आणि किंगफिशरने एअर डेक्कनमध्ये हिस्सा. किंगफिशर २०१२ ला थांबली, जेट २०१९ ला. त्यांच्या काउंटरवर आज दुसऱ्यांच्या पाट्या आहेत.

तेव्हा रावसाहेब, मागणं फार नाही. विलीन व्हा, विभक्त व्हा, पुन्हा नांदा, ती आपली घरगुती बाब. पण जागा बदलणार असेल तर ज्याने तिकीट आधीच काढलंय त्याला त्याच्या भाषेत फोन करा. इंग्रजी संदेश काकू जाहिरात समजून पुसून टाकतात. चुकीच्या टर्मिनलवर पोचलेल्याला योग्य टर्मिनलवर नेण्याची गाडी आणि खर्च तुमचा. आणि तिकिटावर टर्मिनलचा आकडा कंपनीच्या बोधचिन्हाएवढा मोठा छापा. शाई कमी पडत असेल तर बोधचिन्ह लहान करा, ते तसंही दोन-चार वर्षांत बदलायचंच आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक कोठीकर प्रवासी

ता. क. : उत्तर पाठवाल तर पत्त्यात ‘आंध्रा बँकेजवळ’ लिहा. ‘युनियन बँकेजवळ’ लिहिलंत तर पत्र पोचणार नाही.