बेटं कमी, बंगले फार
सेंट लॉरेन्स नदीतल्या ‘थाउजंड आयलंड्स’मध्ये बेटं 1800हून अधिक. बारमाही पाण्यावर डोकं काढायचं आणि झाड जगवायचं, एवढं जमलं की खडकाला बेटाचा मान. (आपल्या कित्येक सोसायट्या यात नापास.) मित्राच्या मोटरबोटीतून मंडळी कॅनडाच्या काठावरून निघतात निसर्ग बघायला, बघतात बंगले. केवढा, कुणाचा, भाव काय!

हार्ट आयलंडवर हॉटेलवाल्या जॉर्ज बोल्टनं बायकोसाठी किल्ला बांधायला घेतला. 1904 मध्ये ती गेली, काम थांबलं. सगळे हळहळतात, साधारण एका सेल्फीपुरते. उतरायचं तर पासपोर्ट हवा, कारण बेट अमेरिकेत. पासपोर्ट कॅनडातल्या कपाटात. मग बोटीतच डबे उघडतात आणि मित्र पेट्रोलची वर्गणी माणशी किती, ते सांगतो.