जुने शहर ते जयगड, समुद्रमार्गे

अकोल्याला समुद्र नाही. त्यावाचून आजवर कुणाचं काही अडलंही नव्हतं, कारण आमच्या जुन्या शहराला लागून मोर्णा नदी आहे. २०१८च्या जानेवारीत तिच्यातली जलकुंभी उपसायला हजारो अकोलेकर उतरले, 'मन की बात'मध्ये अकोल्याचं नाव आलं, आणि त्या दिवशी गुडघाभर पाण्यात उभं राहिल्याच्या भांडवलावर मी गल्लीत दर्यावर्दी म्हणून मिरवत होतो.

घात केला तो सॅन डिएगोच्या मुलाने. फोनवर म्हणाला, "बाबा, इकडे रिटायर्ड जोडपी थंडी लागली की शिडाची बोट काढतात आणि मेक्सिकोला जातात. दिवाळीच्या सुमारास इथून काबो सान लुकासला बोटींचा ताफाच निघतो. वाटेत कुठे किनाऱ्याला लागायचं, लेकीकडे, भावाकडे चार दिवस राहायचं, की पुन्हा बोटीत." फोन नेमका स्पीकरवर होता.

"त्याइले जमते, मंग आपल्याले काहून नाई जमत?" ही म्हणाली.

मेक्सिको खिशाला झेपणारा नव्हता, आणि आमच्या घराण्याचा जलप्रवास म्हणजे श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी राजराजेश्वराला आणणारी कावड. मग मी कोकणाचा नकाशा काढला. मुंबई ते जयगड, खाडी आडवी आली की फेरीबोट आहेच. हिने तोच नकाशा घेतला आणि त्यावर बहीण, पुतण्या, मावसनणंद अशा खुणा केल्या. तिच्या नकाशात समुद्र कुठेच नव्हता.

सामान निघालं ते कुण्या वरातीचं वाटावं असं. दोन स्वेटर, कानटोपी, घोंगडी, ठेच्याची बरणी, सांडगे आणि तूरडाळीची गोणी. अकोल्यात एवढ्या दाल मिला असताना रिकाम्या हाताने पाहुण्यांच्या दारात जायचं म्हणजे गावाची अब्रू जायची. गेटवेच्या धक्क्यावर हमालाने गोणी उचलून विचारलं, "काका, दुकान टाकायचंय का मांडव्याला?"

लाँचवर स्वेटर आणि त्यावर लाइफ जॅकेट चढवून ही बसली. डिसेंबरातली मुंबई घामाने निथळत होती, पण "थंडीचा प्रवास हाये" म्हणून कानटोपी निघाली नाही. बोट सुटताच मागे कुरव लागले. हे पक्षी हिवाळ्यापुरते इकडे येतात आणि प्रवाशांच्या गाठ्या हवेतल्या हवेत झेलतात. हिने अकोल्याची तिखट शेव उडवली. एकाने झेलली, मान झटकली आणि परत आला. "पाय बरं, आपल्याकडचाच असन," ही म्हणाली.

मांडव्याहून त्याच तिकिटावर बस अलिबागला नेते. साडू थळच्या खत कारखान्यातून निवृत्त झालेले. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, म्हणून मी वेळ विचारून ठेवली होती. पण ओहोटी आणि जेवण एकाच वेळी आलं. साळीने तांदळाची भाकरी वाढली, मग भात वाढला, मग "दाजी, हे काय, घेतलंच नाही" सुरू झालं. हात धुऊन किनाऱ्यावर पोचेपर्यंत किल्ल्याच्या वाटेवर कमरेएवढं पाणी. साडू म्हणाले, "उद्या जाऊ." तीस वर्षं अलिबागेत काढून ते स्वतःही अजून उद्याच जाणार होते.

जंजिऱ्याला मात्र नातेवाईक नव्हते, म्हणून तो दिसला. राजपुरीहून शिडाची होडी निघते, इंजिन नाही. नावाड्याने दोर सोडला, कापड फुगलं आणि होडी एका अंगावर कलली. मी मनातल्या मनात मेक्सिकोच्या वाटेला लागलो. हिने माझा दंड असा धरला की लग्नात अंतरपाट दूर झाल्यावरही धरला नव्हता. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईस्तोवर दिसतच नाही, नुसता तट. मग एकदम कमान, आणि पायऱ्यांशी वरखाली नाचणारी होडी. "लाट वर आली की पाय टाका," नावाडी म्हणाला. ही म्हणाली, "तुमी आदी जा, तुमी दर्यावर्दी."

शिवाजीमहाराजांना, संभाजीमहाराजांना जो किल्ला मिळाला नाही, जिथलं सिद्दींचं संस्थान १९४८ साली भारतात विलीन होईपर्यंत टिकलं, त्या किल्ल्यात आम्ही पाण्याची बाटली आणि पिशवी घेऊन शिरलो. गाइड कलालबांगडी तोफ दाखवत होता. हिचं लक्ष तळ्याकडे. भर समुद्रात गोड्या पाण्याचं एवढं मोठं तळं! हिचं माहेर घुसरचं, म्हणजे भर खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या कितीतरी गावांत विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. त्यात डाळ शिजत नाही, कपड्याला साबण लागत नाही. ही काठावर उभी राहून बराच वेळ बोलेना. मग म्हणाली, "चारी अंगानं समुद्र, अन् मंदात गोड पानी. आमच्या घुसरात समुद्र नाई त काई नाई, तरी खारं! देवाचा हिशोबच चुकला, बापा." गाइडपाशी उत्तर नव्हतं. तो पुन्हा तोफेकडे वळला.

आगरदांडा ते दिघी आणि बागमांडले ते वेश्वी या फेऱ्यांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. बोटीत गाड्या चढतात, गाड्या उतरतात, मधल्या दहा-पंधरा मिनिटांत लोक सेल्फी काढतात.

दापोलीला पुतण्या. आधी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात होता, आता तिथल्या. सूनबाई रत्नागिरीकडची. हिने सरळ स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि आपली डाळ कुकरला लावली. घरच्या सवयीने सोडा टाकायला निघाली, तर सूनबाई म्हणाली, "काकी, सोडा कशाला?" दोन शिट्ट्यांत डाळ लोण्यासारखी. ही झाकण हातात धरून उभी. "अकोल्याची डाळ शिजाले दापोलीले आनावं लागते काव?" रात्री त्या वरणावर ठेचा आणि शेजारी सोलकढी असा तह झाला. पुतण्याने दोन्ही बाजूंनी भरपूर खाल्लं.

पुढे दाभोळ-धोपावे फेरीने वाशिष्ठी ओलांडली. ही फेरी २००३ पासून चालते. नाहीतर गुहागरला जायला चिपळूणचा वळसा. गुहागरला हिच्या मावसनणंदेने तीन दिवस सोडलं नाही. समुद्र तिच्या वाडीच्या मागे, माडांपलीकडे ऐकू येत होता. विचारलं की "संध्याकाळी जाऊ" असं उत्तर मिळे आणि संध्याकाळी घावन असत. शेवटी तवसाळहून जयगडची फेरी गाठली आणि रत्नागिरीला मडगाव-नागपूर गाडीत बसलो. तिने थेट अकोल्याला आणलं. डाळीची गोणी रिकामी झाली होती, पण नारळ, कोकम, कुळथाचं पीठ आणि उकडे तांदूळ भरल्याने जाताना होती त्याहून जड.

तुम्हाला जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी बरा. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात. स्वेटर नेऊ नका, डाळ न्या. आणि समुद्र पाहायचाच असेल, तर निघण्याआधी एकाही नातेवाइकाला फोन करू नका.