फाटक्या कानाची फाईल

सरकारी फाईल फाटते ती कानापासून. डावीकडचा वरचा कोपरा, त्यात पंचने पाडलेलं एकच भोक, भोकातून ओवलेला टॅग आणि त्या टॅगच्या भरवशावर कुणाचं पेन्शन, कुणाची बदली, कुणाची विभागीय चौकशी. साहेबांनी मागितली की गठ्ठ्यातून फाईल ओढायची ती वरच्या पुठ्ठ्याला धरून, ही आपल्याकडची रीत. 80 ग्रॅमचा ए-फोर कागद वजनाला 5 ग्रॅम भरतो. म्हणजे 200 कागदांची फाईल झाली एक किलोची, आणि हा किलोभर ऐवज जिना चढतो तो त्या एका भोकाच्या काठाला लोंबकळत. भोकापासून पुठ्ठ्याची कड जेमतेम बोटभर. सुरुवातीला भोक गोल असतं, मग लंबगोल होतं, मग कडेपर्यंत चीर जाते आणि एके दिवशी पुठ्ठा शिपायाच्या हातात, प्रकरण जिन्यात.

आमच्याकडे असंच एक प्रकरण जिन्यात गेलं. कागद गोळा करायला दोन वेगवेगळ्या शाखांची माणसं धावली आणि कधी नव्हे ते उत्साहाने कामाला लागली. त्यामुळे एका निवृत्त गृहस्थांच्या सेवापुस्तकाच्या उताऱ्यांत दुसऱ्याच कुणाच्या सासूबाईंच्या मोतीबिंदूचं बिल टॅग झालं आणि बरेच दिवस तसंच वर-खाली फिरलं. तेही प्रत्येक टेबलावर ‘तपासले, बरोबर आहे’ असा शेरा मिळवत. अखेर वरून विचारणा झाली आणि विचारणा झाली की जे होतं तेच झालं. कार्यालयासाठी टिकाऊ फोल्डर कसा असावा याचा अभ्यास करायला समिती नेमली गेली आणि मी तिचा सदस्य-सचिव झालो. सदस्य-सचिव म्हणजे बैठकीत ज्याला बोलू देत नाहीत आणि बैठकीनंतर सगळं ज्याला लिहावं लागतं तो.

पहिल्याच बैठकीत एका सदस्याने साधा प्रश्न विचारला. फोल्डर टिकायला हवा म्हणजे किती वर्षं? उत्तर नियमात आहे. अभिलेखांचे वर्ग ठरलेले आहेत: ‘अ’ कायमचा, ‘ब’ 30 वर्षं, ‘क’ 10 वर्षं, ‘क-1’ 5 वर्षं आणि ‘ड’ 1 वर्ष. मग ‘अ’ला भारी पुठ्ठा, ‘ड’ला साधा कागद, संपलं! सदस्य खूश होऊन चहाकडे वळणार इतक्यात आमच्या अव्वल कारकून बाई म्हणाल्या, "जन्मतः कुठली फाईल कुठल्या वर्गातली, हे सांगणार कोण?" त्यांनी लगेच दाखलाही दिला. एकाने दोन दिवसांच्या किरकोळ रजेचा अर्ज दिला होता. रजा नामंजूर झाली, तो तरी गेला, नोटीस निघाली, तो कोर्टात गेला, कोर्टाने माहिती मागवली. रजेच्या अर्जाची ती फाईल आता दोन्ही हातांनी उचलावी लागते आणि ती नष्ट करायचं नाव काढलं तर विधी शाखा अंगावर येते. कोर्टात गेलेला तो माणूस मात्र केव्हाच निवृत्त झालाय.

दुसरे एक सदस्य तंत्रनिकेतनातून आलेले होते. त्यांनी सांगितलं की कागदाची घडी किती सोसते हे मोजायचं यंत्र असतं. ते कागदाची पट्टी पुढे-मागे, पुढे-मागे मोडत राहतं आणि तुटेपर्यंत किती दुहेरी घड्या झाल्या ते मोजतं. "यंत्र कशाला?" बाई म्हणाल्या, "आपल्या आवक-जावकला द्या." हे इतिवृत्तात घ्यायचं नाही असं अध्यक्षांनी सांगितलं.

बाजारभाव काढायला मी पुण्यात अप्पा बळवंत चौकात गेलो. दुकानदाराने माझ्याकडे न बघताच विचारलं, "फाईल ठेवायला हवी का फिरवायला?" मी म्हटलं, यात फरक काय? तेव्हा कुठे त्याने मान वर केली. सगळ्या समितीला जे सुचलं नव्हतं ते या माणसाने गल्ल्यावर बसून ओळखलं होतं. कपाटात उभी राहिलेली फाईल पन्नास वर्षांत फाटत नाही, फार तर पिवळी पडते. फाईल झिजते ती फिरून. ‘चर्चा करावी’ असा शेरा पडला की एक फेरी. ‘पूर्वीचे कागद जोडून सादर करावे’ म्हणजे आणखी एक, शिवाय जोडलेल्या कागदांचं वजन. ‘पताका क पाहावी’ म्हटलं आणि पताका क सापडली नाही की तिसरी. आमचे फोल्डर हलक्या पुठ्ठ्याचे होते हे खरं, पण त्यांच्यावर प्रवासही पंढरीच्या वारकऱ्याइतका होता आणि त्यातले बरेचसे विठ्ठलापर्यंत पोचतच नव्हते.

त्या दुकानदाराने मग मला शिकवणीच दिली. पुठ्ठा किती ग्रॅमचा हे सगळे विचारतात, कागदाचं अंग कुठल्या बाजूला आहे हे कुणी विचारत नाही. मला कळेना. त्याने पुढ्यातला पेपर उचलला आणि वरून खाली फाडला. पट्टी निघाली सरळ, फूटपट्टी लावल्यासारखी. मग तोच पेपर आडवा फाडला तर चीर वेडीवाकडी धावली, मथळा सोडून थेट निधनवार्तेत. गिरणीत कागद धावत्या जाळीवर तयार होतो, त्यामुळे त्यातले बहुतेक तंतू धावण्याच्या दिशेने आडवे पडतात. घडी तंतूंच्या बाजूने घातली तर ती गपगुमान बसते, तंतूंना आडवी घातली तर मोडलेल्या रेषेवर तंतूच तुटतात आणि पुठ्ठ्याला तिथे तडे जातात. खिशातून मी आमचा फोल्डर काढून दाखवला. (तो चार घड्या करून खिशात मावत होता, यातच काय ते आलं.) त्याने कण्यावरून नख फिरवलं आणि म्हणाला, "आडवा कापलाय. असा कापला की एका शीटमध्ये एखादा जास्त बसतो. तुम्ही नगावर पैसे देता ना?"

आम्ही नगावरच पैसे देत होतो.

कण्यावर घडी एकच नको, हेही त्यानेच सांगितलं. तीन-चार समांतर रेघा आधीच दाबून ठेवल्या म्हणजे फाईल जाड होत जाईल तसा कणा एकेक रेघ पुढे सरकत उघडतो. एकच रेघ असली की कागद वाढल्यावर पुठ्ठा स्वतःच्या मर्जीने कुठेतरी मोडतो आणि तिथून फाटतो. कण्याला आतून कापडी पट्टी. भोकाला पितळी आयलेट, लोखंडी नको, कारण पावसाळ्यात गंज धरून खालच्या दहा-बारा कागदांवर तो तांबूस गोल शिक्का उमटवतो. कोपरे गोल कापलेले, म्हणजे ते दुमडत नाहीत. पट्टी चिकटवायच्या खळीत मोरचूद घातलेला, म्हणजे कसर फिरकणार नाही. हे सगळं करून नग केवढ्याला पडेल, असं मी विचारलं. त्याने आकडा सांगितला आणि सहानुभूतीने पाण्याचा ग्लास पुढे केला.

परत येताना वाटलं, आपले पूर्वज या भानगडीत पडलेच नाहीत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. ती इमारत 1891 सालची, आत मोडी कागदांचे हजारो रुमाल. रुमाल म्हणजे चौकोनी कापड, चारी टोकं बांधलेली, बस्स. कागद वाढले तर गाठ सैल, कमी झाले तर घट्ट. भोक नाही, टॅग नाही, कान नाही, मग फाटणार काय? गोविंद सखाराम सरदेसाईंनी त्या रुमालांतून निवडून 1930 ते 1934 या काळात 45 खंड छापले. आमच्या कार्यालयातला एखादा गठ्ठा कुणी शंभर वर्षांनी सोडलाच, तर 45 पानं सलग निघतील का याची मला शंका आहे. अर्थात श्रेय कापडाइतकंच कागदाचंही. चिंध्यांपासून हाताने केलेला जुना कागद टिकतो. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात आम्लच असतं, त्यामुळे तो काही दशकांत पिवळा पडून बोटांत चुरतो.

शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचीही मला तेव्हाच आठवण झाली. 1940 साली जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालेलं. सुती चिंध्यांचा लगदा साच्यात उचलून हलवायचा, पाणी निथळू द्यायचं. तंतू बसतात वाटेल त्या दिशेने. त्यामुळे अशा कागदाला उभं-आडवं अंग असं फारसं नसतंच, कशीही घडी घाला. मी मोठ्या हौसेने समितीपुढे हातकागदाचा फोल्डर ठेवला. अध्यक्षांनी तो गालाला लावून पाहिला, "लग्नपत्रिकेला छान आहे" म्हणाले आणि बाजूला ठेवला. त्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं. तो नमुना परत मिळाला नाही.

मापावर दोन बैठका गेल्या. आमचे फोल्डर फुलस्केपच्या काळातले, कागद आता ए-फोर. फोल्डर ए-फोरचा करा असं तरुण मंडळींचं म्हणणं. आता सर्वोच्च न्यायालयसुद्धा 2020पासून ए-फोर घेतं, असा त्यांनी दाखला दिला. ते बिनतोड होतं. पण स्टँप पेपर पडतो 14 इंच लांब आणि ए-फोर 12 इंचालाही पुरत नाही. ए-फोरच्या फोल्डरमधून प्रतिज्ञापत्राचं खालचं टोक दोन-अडीच बोटं बाहेर डोकावणार, कपाटात घासणार, दुमडणार, झडणार. आणि स्टँप पेपरच्या खालच्या टोकाला असतं काय? सह्या. मजकूर सगळा शाबूत आणि सही करणारा गायब, अशी प्रतिज्ञापत्रं आमच्या अभिलेख कक्षात खरोखरच आहेत; बाई ती दुपारी डबा खाताना आठवून आठवून सांगतात.

ई-ऑफिस आलेलं असताना हे कशाला, असंही एकाने विचारलं. त्याला बैठकीची विषयपत्रिका ई-ऑफिसवर पाठवलेली होती. तो तिची छापील प्रत घेऊन आला होता, फोल्डरमध्ये घालून.

खरा अडथळा आला तो अहवाल तयार झाल्यावर. बाईंनी मसुदा शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "सगळं झकास आहे. पण फाईल फाटलीच नाही, तर कामं कशी व्हायची हो?"

मला वाटलं, चेष्टा आहे. नव्हती. त्यांचं टेबल पाहा, त्या म्हणाल्या. सकाळी तीस फायली येतात. आधी कुठली घ्यायची हे त्या विषयावरून ठरवत नाहीत, सगळेच विषय ‘तातडीचे’ असतात. त्या फाईलचा कान बघतात. कान करकरीत म्हणजे प्रकरण कालचं, थांबू शकतं. कान लंबगोल झालाय, पुठ्ठ्यावर बोटांचे काळे ठसे आहेत, म्हणजे वर्षभर फिरतंय. कान फाटून त्यावर सेलोटेप लावलाय, सेलोटेपही पिवळी पडलीय, म्हणजे अर्जदार आता थेट मंत्र्यांकडे जायच्या बेतात आहे, ही आज निघाली पाहिजे. साहेबसुद्धा हेच करतात. फक्त त्यांना ते ठाऊक नाही. फाटकी फाईल समोर आली की त्यांचा हात आपोआप पेनाकडे जातो, कारण ती परत फिरवली तर वाटेत सांडेल ही भीती. टेबलावरच्या कागदांचं सहा गठ्ठा पद्धतीत वर्गीकरण करतात, पाक्षिक आढावा घेतात, तक्ते करतात. पण बाईंच्या मते आजवर सगळ्यात जास्त प्रकरणं निकाली काढली ती हलक्या पुठ्ठ्याने. "तुमचा फोल्डर पाच वर्षांनीही नवाकोरा दिसणार. मग त्यातला माणूस किती झिजलाय हे कळायचं कसं?"

याला समितीकडे उत्तर नव्हतं. अहवालात ‘सदर मुद्द्याची नोंद घेण्यात आली’ एवढं लिहून मी तो सादर केला.

मंजुरी मिळाली, निविदा निघाली, नमुने आले. नमुने नेहमीच उत्तम असतात. नमुना पाहून वाटावं की ही माणसं धंदा नव्हे, धर्मादाय करतात. पुरवठ्याच्या वेळी कापडी पट्टी कण्यावरून सरकून कडेला येईल, पितळेचं लोखंड होईल, अशी माझी खात्रीच होती. म्हणून भांडारात गठ्ठे सुटले तेव्हा मी पेपर घेऊन हजर राहिलो, फाडून दाखवायला. पण पुरवठादार सचोटीचा निघाला. पुठ्ठा खणखणीत, अंग कण्याला समांतर, चार दाबलेल्या रेघा, आयलेट पिवळाधमक, कोपरे गोल. भांडारपालाने एक फोल्डर दोन्ही हातांनी पिळून पाहिला आणि इतकंच म्हणाला, "वाया जाणार हो हे इथे."

ते वाया जाऊ द्यायचे नाहीत, असं सगळ्या शाखांनी मनोमन ठरवलं असावं. मागणीपत्रं अशी आली की आस्थापना शाखेने एवढे फोल्डर एकदम कधीच मागितले नव्हते. आणि तरी टेबलांवर फायली होत्या त्या जुन्याच, फाटक्या कानाच्या. नवे फोल्डर दिसायला लागले ते इतरत्र. लेखा शाखेतल्या एकाने मुलीच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका त्यात लावल्या. एकाने सोसायटीच्या पुनर्विकासाचे कागद घातले. ते प्रकरण आमच्या कुठल्याही प्रकरणापेक्षा जास्त फिरतं, हे मला मान्य आहे. पतपेढीच्या अध्यक्षांनी पतपेढी हलवली त्यात. बाईंनी दोन नेले. मी काहीच बोललो नाही, कारण घरच्या विम्याच्या पॉलिसींसाठी मीही एक ठेवून घेतला होता आणि कान अजून गोल आहे.

आमच्या कार्यालयातले दप्तरीमामा परवा मुद्दाम भेटायला आले. पावसात गावी गेले होते, पिशवी भिजली, फोल्डर वरून ओला झाला पण आत सातबारा, फेरफार सगळं कोरडं राहिलं. तहसीलला, मोजणीला, वकिलाकडे, पुन्हा तहसीलला असं दीड वर्ष चालू आहे त्यांचं. "साहेब, चीज केलीत तुम्ही," ते म्हणाले. "कण्याला धक्का नाही. फक्त पुढच्या खेपेला साईज जरा मोठी काढा की. मोजणीचा नकाशा मावत नाही, आणि भाऊ काही एवढ्यात ऐकायचा नाही."