वेड्या पालकांची बाजू

मुलाच्या ताब्याची केस लढताना शहाण्याने कसं वागावं, हे सातारा-सांगलीत कुणाला शिकवावं लागत नाही. फीच्या पावत्या फायलीला लावाव्यात. चेंबरमध्ये जजसाहेबांनी विचारलं तर काय बोलायचं, ते मुलाकडून घोकून घ्यावं. भेटीच्या शनिवारी मुलाला हटकून ताप यावा. एवढ्या शहाण्यांत जे मोजके वेडे पालक उरलेत, त्यांचा जाहीर सत्कार व्हायला हवा.

पाटणच्या स्टँडवर अशी एखादी वेडी आई दिसते. मुलाला ती बापाच्या हवाली करते. पिशवीत धुतलेले कपडे, खोकल्याच्या औषधाची बाटली आणि 'जेवणानंतर एक चमचा' अशी चिठ्ठी. भाऊ बजावतो, "एवढं ढिलं सोडलंस तर केस कच्ची हुईल." ती म्हणते, "दादा, बाप हाय त्यो त्याचा." असाच एखादा वेडा बाप वकिलाला अडवतो, "ती वाईट आई हाय असं लिहू नका, सायेब. ती तशी न्हाई."

कायदा या वेड्यांच्याच बाजूचा आहे. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यात मुलाचं कल्याण हीच कसोटी आहे; मूल समजतं असेल तर त्याची इच्छाही कोर्ट विचारात घेतं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याने पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे दिलं, पण त्याचं हित सगळ्यांच्या वर ठेवलं. मुलं ही आईबापांची मालमत्ता नाहीत, खेळणीही नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने १९७३ साली रोझी जेकब खटल्यात सांगितलं.

ताब्याचा अर्ज मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या कोर्टात करायचा असतो. आता विट्याकडच्या माणसाचं गलाईचं दुकान दूर परराज्यात, जावळीचा माथाडी नवी मुंबईत आणि नातू गावी आजीजवळ. मग मूल 'नेहमी' राहतं कुठे? शहाणे यावरच तारखांमागून तारखा घेतात. तोवर पोराची इयत्ता बदलते. वेडा म्हणतो, "पोराची शाळा हाय तिथंच चालू द्या केस."

जिथे मारहाण आहे, दारू आहे, मुलाच्या जिवाला धोका आहे, तिथे आधी मुलाला सांभाळायला हवं. तिथे हा वेडेपणा कुणीही करू नये. बाकीच्या घरांत कोर्टाने दोघांनाही एकच प्रश्न विचारावा: मूल तुमच्याकडे राहिलं, तर दुसऱ्याकडे कधी आणि कसं पाठवाल? पावत्यांचा गठ्ठा कुणाचाही जाड असो. ज्याला वार, वेळ आणि गाडी चटकन सांगता येईल, मुलाचं हित त्याला कळलेलं आहे. निकालपत्रात त्याचा हा वेडेपणा गुण म्हणून नोंदवला जावा.