डोहाळजेवणातला सोडा

अहो, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या बंगल्यात परवा डोहाळजेवणात काय झालं ते? थांबा, कुकरची तिसरी शिट्टी झाली का... असू दे.

तर पोरगी झोपाळ्यावर, हिरवी साडी, फुलांची वाडी. जी येतेय ती घास भरवतेय. वडे काय, भजी काय! लागलं की छातीत जळजळायला. सासूबाई लगेच ग्लासभर पाण्यात खायचा सोडा ढवळून हजर, फेससुद्धा बसला नव्हता. "आम्ही नाही का प्यायलो?"

तिची आत्या, ती रिटायर्ड सिस्टर हो, तिनं ग्लास वरच्यावर धरला! "विहीणबाई, सोड्यात नुसतं सोडियम. पायांना सूज आहेच, त्यात भर कशाला?" सासूबाईंचा चेहरा... अख्ख्या पंगतीसमोर हो!

अमेरिकेतली नणंद मध्येच म्हणते, आमच्याकडे पाण्यात टाकायची फसफसणारी गोळी मिळते. आत्या म्हणाली, "पाकीट वाच आधी. कितीतरींत अ‍ॅस्पिरिन असतं." ती गप्पच.

तर काय सांगत होते... हां, पोरीला डॉक्टरांनी कॅल्शियमची चघळायची गोळी दिलीय, ती चालते. पण ही बया ती लोहाच्या लाल गोळीसोबतच घ्यायची, एकदाच आटपतं म्हणून! अहो, मग लोह अंगी कसं लागणार? दोन तासांचं अंतर नको? शिवाय गोड लागते म्हणून शेंगदाण्यासारखी तोंडात टाकत होती. जास्त झालं तर कॅल्शियम रक्तात चढतं, हे ऐकल्यावर हळूच पर्सची चेन लावली तिनं.

आणि मग आत्या आवाज खाली आणून म्हणाली, "उजव्या बरगडीखाली दुखलं, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर गोळी चघळत बसायचं नाही. त्याच पावली दवाखाना. बीपीचं लक्षण असतं ते." वाढप्यांचे हातसुद्धा थांबले.

सासूबाई पुटपुटल्या, "जळजळतंय म्हणजे जावळ दाट असणार." मला वाटलं, आता पुन्हा ओरडा. तर आत्या म्हणते कशी, "ते मात्र खरं असेल हं! बाल्टिमोरला ६४ जणींना विचारून पाहिलं, २००६ साली छापून आलंय. खोडून काढायला गेले आणि तसंच निघालं." सासूबाई अश्शा फुलल्या! आत्याच्या पानात आग्रहानं दोन जिलब्या.

तो ग्लास ना? सासरेबुवांनी दाराआड उभं राहून संपवला. मी पाहिलं ना! आणि गोळ्या चालू आहेत हो त्यांना बीपीच्या...