नगरमधील नौकाभंग

रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या फलकावर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिण्याची जी जुनी सरकारी चाल आहे, ती किनाऱ्यावर जन्मलेल्या आणि मासळीवर पोसलेल्या माणसाला घाटमाथ्यावर पाऊल ठेवताक्षणी बजावलेली जप्तीची नोटीसच होय. नगर, म्हणजे २०२४ साली सरकारदरबारी अहिल्यानगर झालेले परंतु माझ्या सासुरवाडीच्या जिभेवर अजूनही नुसतेच नगर राहिलेले शहर, समुद्राच्या सुमारे साडेसहाशे मीटर वर वसले आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की, येथे येणारी सुरमई आधी मरते, मग बर्फात निजते, मग रात्रभर घाट चढते; आणि एवढ्या हालअपेष्टा सोसून ती ताटात हजर झाल्यावर तिच्याकडे टवटवीतपणाचा तगादा लावणे ही माणुसकी नव्हे. या जिल्ह्याने समुद्र ओळखला तो पिढ्यान्‌पिढ्या आठवडे बाजारात गोणपाटावर मांडलेल्या सुकट-बोंबलांच्या रूपाने, आणि तोही दृष्टीच्या आधी नाकाने.

मी मूळचा वेंगुर्ल्याचा. महसूल खात्यात अव्वल कारकुनीत हयात गेली. तथापि दप्तरातील कागदाइतकीच बारीक नजर मी आयुष्यभर माशांच्या कल्ल्यांवर ठेवली. ‘यांनी माणसांपेक्षा माशांच्याच डोळ्यांत अधिक पाहिलंय,’ असे माझी पत्नी चारचौघांत सांगते, आणि ‘मला दाखवायला आणलं तेव्हाही यांची नजर ताजेपणाच तपासत होती,’ अशी पुरवणी जोडते. अशा गृहस्थास धाकट्या मेहुण्याचा दूरध्वनी आला, ‘दाजी, आपल्या नगरात आता असं हॉटेल झालंय, मासा नुसता बघूनच डोळे निवतात. खायचं नंतर!’ यातील ‘खायचं नंतर’ ही दोन पदे किती शब्दशः खरी ठरणार आहेत, याची त्या बिचाऱ्यालाही कल्पना नव्हती. मी मात्र, निजामशाहीचे अवशेष एकदा निवांत पाहावेत असा ऐतिहासिक बहाणा करून, तत्काळ सपत्नीक प्रस्थान ठेवले.

पोहोचलो तो गुरुवार, आणि त्यातही मार्गशीर्षातला! सासुरवाडीत महालक्ष्मीचा घट मांडलेला. शिवाय ज्या जिल्ह्यात शिर्डी आहे तेथे गुरुवारी मासळीचे नाव काढणे हा शांतताभंगच. शुक्रवारी संकष्टी निघाली. शनिवारी तर शिंगणापूर हाकेच्या अंतरावर, आणि ज्या देवाच्या धाकाने गावातल्या घरांना दारे लावीत नाहीत त्याच्या वारी कढई चढवण्याची मेहुण्याची छाती नव्हती. सोमवारवर महादेवाचा आणि मंगळवारवर सिद्धटेकच्या गणपतीचा अंमल पूर्वापार आहेच. जिल्ह्यातील दैवतांनी आठवड्याची अशी चोख वाटणी करून घेतल्यावर मत्स्याहाऱ्याच्या वाट्याला जी काही पडीक जमीन उरते, तिच्यात रविवारचा तुकडा त्यातल्या त्यात बागायती.

मधल्या काळात इतिहास उरकला. भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात नेहरू बंदिवासात होते आणि त्यांनी ‘भारताचा शोध’ हा ग्रंथ तेथेच लिहिला हे ठाऊक होते. परंतु त्याच कैदेत मौलाना आझादांनी आपल्या पहाटेच्या चहावर रसाळ पाने लिहिली, हे आठवून माझ्यातील उपाशी माणूस त्यांच्यापुढे नम्र झाला. इंग्रज सेनापती वेलस्लीने ८ ऑगस्ट १८०३ रोजी सकाळी पेठेचा कोट घेतला आणि तो न्याहारीला छावणीत परतला, याचे तेव्हाच्या एका मराठा सरदारालाही नवल वाटले होते. मला वाटले ते न्याहारी वेळेवर मिळाल्याचे. रणगाड्यांचे संग्रहालय पाहिले; रणगाडे मोठे आहेत. सलाबतखानाच्या कबरीला लोक चांदबीबीचा महाल का म्हणतात हे विचारण्याइतका दम चढणीनंतर उरला नाही.

मन गुंतले ते फराहबागेत. सोळाव्या शतकात या कोरड्या मुलखात विस्तीर्ण तलाव करावा, दुरून नळांनी पाणी आणावे, आणि त्या पाण्याच्या मधोमध महाल उभारून त्याचे प्रतिबिंब पाहत बसावे, ही निजामशाहीची हौस! आज तलाव आटलेला आहे आणि कमानी गवतात उभ्या आहेत.

‘दाजी, पाण्याचंच वेड आहे तर मुळा धरणावर चला की,’ मेहुणे म्हणाले. ‘नाहीतर प्रवरासंगमला. समोर तळून देतात.’ गोड्या पाण्यातील मासळीविषयी आम्हां किनारपट्टीवाल्यांचे मत छापण्याजोगे नसते. परंतु मी सौम्यपणे एवढेच सांगितले की, तुमचे रोहू आणि कटला हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, येथे त्यांची बोटुकली आणून सोडतात. आणि चिलापी तर थेट आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आली. ‘म्हणजे तुमच्यासारखीच,’ पत्नी म्हणाली, ‘बाहेरून आली आणि इथं बसून खातेय.’ वाद तेथेच निकालात निघाला.

अखेर रविवारी रात्री, शहराच्या नव्या भागातील त्या भोजनगृहाच्या दारात आम्ही सहकुटुंब हजर झालो. नोंदवहीत नाव लागले, प्रतीक्षा झाली, अपेक्षेप्रमाणे अपचन होण्याइतकी भूक लागली, आणि मग ‘दर्याराजा’ नावाचे ताट मागवण्यात आले. ते आले तेव्हा, खोटे कशाला बोला, माझ्यासारख्या निबर माणसाचेही भान हरपले. हातभर लांबीची लाकडी होडी. तिला कागदाचे शुभ्र शीड. नाळेवर तेवती पणती. पोटात लपवलेल्या कोरड्या बर्फातून उसळणारे धुके. आणि फळीवर केळीच्या पानात गुंडाळलेले पापलेट, तांबूस रव्यातील सुरमईच्या तुकड्या, डोलकाठीला टांगलेली कोळंबी, गाजराचे कमळ, बिटाचा खेकडा. एका कोवळ्या मुलाने ती दोन्ही हातांवर तोलून, श्वास रोखून आणली होती.

मी हात पुढे केला. ‘मामा, हात काढा! फ्रेममध्ये येतोय!’ भाची कडाडली. हात काढला. होडी उजवीकडून टिपण्यात आली, डावीकडून टिपण्यात आली, मग प्रत्येक नातलगासह स्वतंत्रपणे टिपण्यात आली. ज्या पदार्थाचे अर्धे आयुष्य त्याच्या वाफेत असते, तो डोळ्यांदेखत निवत असताना त्याच्यासमवेत हसरे चेहरे करून बसण्याची ही जी नवी शिक्षा समाजाने स्वीकारली आहे, तिच्यासाठी कोणत्या संहितेत कोणते कलम आहे, याचा मी गंभीरपणे विचार करू लागलो. ‘दादा, जरा उजेडाकडे फिरवा ना,’ भाचीने मुलाला फर्मावले. त्याने फिरवली. वरच्या वातानुकूलन यंत्राचा झोत नेमका शिडात भरला, शीड नाळेकडे झुकले, आणि पणतीने आपले कर्तव्य केले.

पुढील घटनाक्रम पंचनाम्याच्या भाषेतच सांगणे रास्त. शिडाने पेट घेतला. धुक्यामुळे आग नक्की कोठे आहे हे कळेना. मेहुण्यांनी प्रसंगावधान राखून पाण्याचा जग ओतला. त्यांचे पाहून शेजारच्या मेजावरील अनोळखी इसमाने आपलाही ओतला. सोलकढी मात्र मी दोन्ही हातांनी छातीशी धरून वाचवली. होडी पुढून भरली, कलली आणि मेजावर आडवी झाली. कोळंबी धारेला लागून भाचीच्या मोबाइलपर्यंत पोहत गेली. आणि अडीचशे किलोमीटर दूरच्या समुद्रातून सुखरूप बाहेर काढलेले पापलेट पर्जन्यछायेच्या प्रदेशात येऊन बुडाले.

तो मुलगा जळकी डोलकाठी हातात धरून उभा होता, आणि व्यवस्थापक यायच्या आत आपल्या पगारातून किती जाणार याचा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होता. ‘कुठला रे तू?’ पत्नीने विचारले. ‘पाथर्डीकडचा.’ ‘आईवडील?’ ‘ऊस तोडायला गेलेत, कारखान्यावर.’ ‘आणि समुद्र पाहिलास कधी?’ ‘नाय. होडी रोज उचलतो.’

व्यवस्थापक आला तेव्हा माझी पत्नी, जिने सारा संसार माझ्या चुका उघड करण्यात घालवला, ठणठणीत आवाजात म्हणाली, ‘पणती माझ्या पदरानं पडली. पोराचा काही संबंध नाही.’ तिने त्या दिवशी पंजाबी पोशाख केला होता. व्यवस्थापकाची दृष्टी पदराच्या शोधात क्षणभर भटकून माझ्यावर स्थिरावली. उभ्या हयातीत मी इतरांच्या जबान्या लिहून घेतल्या. त्या रात्री स्वतः दिली. ‘मी समक्ष पाहिलं,’ असे मी छातीठोकपणे सांगितले. त्या माणसाने आम्हां दोघांकडे पाहिले, मुलाकडे पाहिले, आणि ‘टेबल पुसून घे रे’ एवढेच म्हणाला. भला गृहस्थ असावा.

मग आम्ही जेवलो. पापलेटाला केळीच्या पानाने वाचवले होते; पान सोडताच आत हिरव्या वाटणातले मांस काट्यापासून अलगद सुटले, आणि कल्ले न तपासताही मी मान डोलावली. सुरमई भिजून रव्याला मुकली होती, पण आतून लोण्यासारखी निघाली. शीड नाही, धुके नाही, कमळ नाही. तरी चवीत उणे काही नव्हते. आणि तरीही त्या सजावटीवर हसण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मला फराहबाग पाहून आल्यामुळे वाटले. ज्याच्या परसात समुद्र आहे तो मासा पानात नुसता टाकतो आणि त्याचे चालते. ज्याला पाणी दुरून आणावे लागते त्याने त्याचा महाल करायचा नाही, तर कोणी करायचा?

बिलात शेवटच्या ओळीत ‘होडी, नग १’ असे लागलेच. मेहुणे हुज्जत घालू लागले, मी त्यांना थांबवले, रक्कम भरली, आणि जुन्या सवयीने रीतसर पावती मागून घेतली, तीत ‘जळीत’ हा शेरा आग्रहाने घालून. ती माझ्या दप्तरी जपून ठेवली आहे. कारण या जिल्ह्यात जहाज बुडाल्याचा लेखी पुरावा, माझ्या समजुतीप्रमाणे, अन्य कोणापाशी नसावा.